डाव्या पायाची माती

माझे वडील ड्रिलमास्तर होते. नाशिकच्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं मुलांना कवायत शिकवली. शाळा सुटली तरी त्यांच्या अंगातली शाळा सुटत नसे. घरात आम्ही जेवायला बसलो की पाठ ताठ आहे की नाही ते आधी बघत, मग प्रार्थना म्हणत.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. बूट चावला म्हणाले. आई दवाखान्यात नर्स होती, तिच्यापासून त्यांनी ती जखम महिनाभर मोजे घालून लपवली. मोजा उतरला तेव्हा आईनं एकदा वाकून पाहिलं, वास घेतला आणि रिक्षा आणायला मला पाठवलं. साखर भयंकर वाढली होती. सर्जननी तपासलं आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आज-उद्याच, असं सांगितलं.

बाबा घाबरले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "काढल्यावर तो जातो कुठं?"

सर्जन म्हणाले, "त्याची व्यवस्था होते."

"काय व्यवस्था?"

सर्जननी आईकडं पाहिलं. आईनं लपवालपवी केली नाही. "जाळतात," ती म्हणाली.

बाबांनी सहीचा कागद घडी करून उशीखाली ठेवला. "पाळकसाहेबांना बोलावून आणा. त्याशिवाय सही नाही."

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पालिकेच्या शाळेत शिकवत होते. आमची ख्रिस्ती वस्ती शरणपूर रोडच्या मागं. चर्चचे पाळक नवीनच आलेले, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. आजाऱ्याला धीर द्यायचा म्हणून ते बिचारे सायकल मारत आले आणि खाटेजवळ बसल्या बसल्या त्यांची तोंडी परीक्षा सुरू झाली.

"साहेब, शेवटच्या दिवशी शरीर उठणार की नुसता आत्मा?"

"शरीर उठणार, मास्तर. तोच तर आपला विश्वास."

"सगळं शरीर?"

"सगळं."

"मग माझा पाय भट्टीत गेला तर मी उठणार कसा?"

पाळकसाहेब हसले. हा प्रश्न त्यांच्या अभ्यासातला होता. "मास्तर, गव्हाचा दाणा पेरला तर दाणाच वर येत नाही, रोप येतं. तसं आपल्याला नवं शरीर मिळेल. पेरतो ते एक, उगवतं ते त्याहून मोठं."

"बरोबर. पण दाणा जमिनीत पडावा लागतो. भट्टीत पेरलेला गहू उगवलेला मी पाहिला नाही."

पाळकसाहेबांनी घाम पुसला. "विश्वासासाठी कितीतरी लोकांना जिवंत जाळलं. कित्येक समुद्रात बुडाले, माशांनी खाल्ले. देव त्यांनाही उठवणारच की."

"त्यांचा नाइलाज होता, साहेब. माझं कबरस्तान इथून दहा मिनिटांवर आहे."

नंतर बाबा कोपरावर रेलून उठले. ते पाठ केलेलं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "प्रभू तिसऱ्या दिवशी उठला तेव्हा त्याच्या हातावर खिळ्यांचे वण होते. शंका घेणाऱ्या शिष्याला त्यानं ते दाखवले. नवं कोरं शरीर घेता आलं नसतं का त्याला? त्यानं तेच घेतलं. का घेतलं?"

पाळकसाहेबांच्या आधी बोलली आई. तिची ड्युटी सुरू व्हायची होती आणि ती केस आवरत उभी होती. "मी वॉर्डातून बादलीनं किती पाय नेले असतील. एकाही पायानं मला विचारलं नाही, बाई, कुठं नेतेस."

"विचारायला तोंड लागतं," बाबा म्हणाले.

"ते तुमच्याकडं आहे. साहेब, ऑपरेशन थिएटर चार वाजता मिळतंय."

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "दफन करू," ते म्हणाले. "शास्त्रात मनाई नाही. आणि सही आज व्हायला पाहिजे."

पेटीचं काम माझ्याकडं आलं. भद्रकालीत एक म्हातारा सुतार होता, वस्तीतल्या सगळ्या शवपेट्या तोच करी. मी गेले तेव्हा तो खुर्चीच्या पायाला रंधा मारत होता. पेटी हवी म्हटल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "किती लांबीची?"

"दोन फूट पुरेल."

त्यानं रंधा बाजूला ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मुलगा की मुलगी?"

सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "डावा."

मग सगळं समजावून सांगावं लागलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "घोट्यापासून पाऊल वळलेलं राहील ना? मग उंची वाढवावी लागेल." दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी तयार होती. आतून पांढरं कापड लावलेलं. "आत कुठं खिळा टोचणार नाही," तो म्हणाला. "हात फिरवून पाहिलाय."

पाय आईनंच गुंडाळून घरी आणला. तिच्या जुन्या पांढऱ्या साडीचा अर्धा भाग त्यासाठी फाडला होता आणि घडी अशी सुबक होती की सणाचं पातळ वाटावं. मी तिच्याकडं पाहिलं तर ती म्हणाली, "ऊन किती आहे. पॅकिंग नीट नको?" ती माघारी बाबांजवळ गेली. पेटी मांडीवर घेऊन मी टांग्यात बसले, शेजारी पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात.

घरून निघताना हे सगळं मला चेष्टेसारखं वाटत होतं. पण पेटीला वजन होतं. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मला खांद्यावर बसवून हाच पाय चालला होता, हे कुठूनसं डोक्यात आलं आणि कबरस्तानाच्या फाटकाशी उतरताना मी हमसून रडायला लागले.

फाटकाशी फुलवाल्या मावशी उभ्या होत्या. मखमलाबादकडं त्यांचा मळा होता. शेवंती, झेंडू, गुलछडी घेऊन त्या रोज वस्तीत यायच्या, चर्चची फुलंही त्याच द्यायच्या. झग्यातले पाळक, पेटी आणि रडणारी मी, हे पाहून त्यांनी टोपली खाली ठेवली.

"कोन गेलं गं ताई?"

"बाबांचा—" मी म्हटलं आणि पुढं आवाजच फुटेना.

पुढचा शब्द ऐकायला मावशी थांबल्या नाहीत. पेटी एवढी लहान कशी, हे त्यांच्या नजरेत आलं नाही, कारण डोळ्यांना पदर लावला होता. ओंजळभर झेंडू पेटीवर टाकून त्या गावात गेल्या. फुलं द्यायची त्यांची तीस-चाळीस घरं होती.

पायाच्या दफनविधीची प्रार्थना कुठल्याही पुस्तकात नव्हती. पाळकसाहेबांनी आपलं पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि मिटलं. मग डोळे मिटून म्हणाले, "हे पित्या, हा पाय एकतीस वर्षं उन्हात उभा राहिला. याला विसावा दे. उरलेला माणूस तुझ्या वेळेनं येईल." मी आमेन म्हटलं. कबर खणणाऱ्या माणसानंही म्हटलं.

दोन दिवसांनी आई कपडे बदलायला घरी आली होती, तेव्हा बाबांच्या शाळेचे हेडमास्तर दारात उभे. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता. शाळेत शोकसभा झाली, दोन मिनिटं स्तब्धता पाळली, त्या ठरावाची ही प्रत. आई चष्मा लावून शांतपणे वाचू लागली. काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं आणि मी बोलणार, तेवढ्यात तिनं कागद खाली ठेवला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "त्यांना दाखवते. चहा घेणार?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "सर, बाबा बरे आहेत." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, आईला सांभाळ," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

बाबांनी तो ठराव तीनदा वाचला. आयुष्यात त्यांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. "दोन मिनिटं स्तब्धता," ते म्हणाले. "दहावी ब दोन मिनिटं गप्प उभी राहिली असेल तर मी खरंच मेलो असणार." मग माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. ठराव पोचला, आभारी आहे, परंतु तिसऱ्या ओळीत 'शांत स्वभावाचे' असं आहे ते दुरुस्त करावं. ते पत्र मी शाळेत नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वॉर्डात आले, सोबत दिंडोरीच्या द्राक्षांची पेटी. बाबांना द्राक्षं चालत नव्हती. आईनं ती सगळ्या वॉर्डात वाटली आणि सगळ्यांनी बाबांच्या दीर्घायुष्यासाठी खाल्ली.

तीन आठवड्यांनी बाबा कुबड्यांवर घरी आले आणि चारच दिवसांनी ईस्टर होता. आमच्याकडं त्या दिवशी पहाटेची उपासना कबरस्तानात होते. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, "माझा पाय तिथं आहे आणि मी घरी झोपू?" लोक यायच्या आत आम्ही त्यांना नेलं. पायाच्या छोट्या ढिगाऱ्याशेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसवलं, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि आई नि मी आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला पलीकडं गेलो.

फटफटत होतं. आम्हाला काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर वाटेवर सगळी फुलं सांडलेली आणि मावशी लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभ्या. ऑपरेशनच्या दिवसांत आमच्या घराला कुलूप असायचं आणि वस्तीत जो तो समजला, मावशींना कुणीतरी सांगितलंच असेल, त्यामुळं खरी बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि समोर, ताज्या मातीजवळ, मास्तर चहा पीत होते.

"घाबरू नका, या," बाबा म्हणाले.

"मास्तर," मावशी तिथूनच म्हणाल्या, "तुमाला तर पुरलं ना हितं?"

"सगळं नाही," बाबा म्हणाले. "थोडंच."

मावशी हळूहळू जवळ आल्या. एका बोटानं त्यांच्या खांद्याला टोचून पाहिलं. परत टोचलं. मग मटकन खाली बसल्या आणि हसू-रडू दोन्ही एकदम आलं. सावरल्यावर माझ्यावर घसरल्या. "ताई, तुला नीट सांगता येत नाय? मी लय रडले. माझ्या जावेला बी रडवलं."

पाळकसाहेब तोवर आले होते. त्यांच्या हातात लिहून आणलेल्या प्रवचनाची पानं होती. सगळी मंडळी जमल्यावर त्यांनी ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "त्या पहिल्या पहाटेही कबरीपाशी आधी बायाच गेल्या होत्या, मेलेल्या माणसासाठी सुगंधी द्रव्यं घेऊन. त्यांना काय वाटलं असेल हे मी पाळकीच्या शिक्षणात चार वर्षं पुस्तकात वाचलं. आज मावशींच्या तोंडावर पाहिलं." मावशींना पुढं बसवलं होतं. त्यांना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण त्या मान डोलावत होत्या.

खरी पंचाईत नंतर झाली. काढलेला पाय बाबांना खाजू लागला. तळवा खाजे, अंगठा वळल्यासारखा दुखे. "पेटी आखूड झालीय," ते म्हणू लागले. "बोटं दुमडलीत." मी सुताराकडं गेले. तो दुखावला. माप वहीत होतं, त्यानं ते दाखवलं, वर स्वतः घरी येऊन बाबांच्या उरलेल्या पायाचं माप घेऊन ताडून पाहिलं. एक इंच जागा शिल्लक होती. आईनं समजावलं की शिरा मेंदूला खोट्या बातम्या देतात, कापलेल्या प्रत्येकाला असं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. एका संध्याकाळी ओट्यावर मी त्यांची जखम बांधत होते तेव्हा म्हणाले, "खोटी बातमी असेलही. पण माझ्या पायाला मी आठवतो असं वाटतं. मातीत गेलेल्याची आणि आपली ओळख तुटत नाही, एवढंच मला पाळकसाहेबांना विचारायचं होतं. मला नीट विचारता आलं नाही." पावसाळा संपता संपता खाज थांबली. आम्हाला हायसं वाटलं. ते मात्र आठवडाभर गप्प होते.

पुढं त्यांना जयपूरचा कृत्रिम पाय बसवला. त्या पायावर ते सात वर्षं चालले, बाजारात गेले, माझ्या लग्नात उभे राहिले. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांना पायाशेजारीच ठेवलं. या वेळी मी रडले नाही, आई रडली. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला मी पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

महिन्याभरानं मी माहेरी गेले तर कोपऱ्यातला कृत्रिम पाय दिसेना. आई तो पिशवीत घालून एकटीच दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथं नामपूरकडचा एक कांदेवाला शेतकरी बसलेला, बैलगाडीखाली डावा पाय गेलेला. वरचा भाग त्याच्या मापाचा नवा करावा लागेल, असं तिथल्या पाय बसवणाऱ्या माणसानं सांगितलं, खालचा चालेल.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, लागणीच्या आधी करा. त्याला शेतात जायचंय." ती पदर खोचून उठली. "तू भात खाणार की भाकरी टाकू?"