बातमीतली विवाहिता

माझी थोरली कवळ्या बनवते. दंतवैद्यांकडून मापं येतात, ही प्लास्टरचे साचे ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग घासून चकचकीत करते. "आई, अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातून जातं," असं म्हणायची. गेल्या वर्षी तिचाच पुढचा दात गेला. "कीड लागली होती," म्हणाली आणि स्वतः घडवलेला नवा दात दाखवला. किती बेमालूम जमलाय म्हणून मी कौतुक केलं. धडधाकट दाताला एकाएकी कीड कशी लागली, एवढंही मी विचारलं नाही.

गेल्या गुरुवारी मोबाइलवर बातमी आली : ‘फोनचा पासवर्ड दिला नाही, पतीने पत्नीला धू धू धुतलं!’ सोबत तोंड झाकलेल्या कुठल्यातरी बाईचं चित्र. नाव नाही, नुसती ‘एकतीस वर्षांची विवाहिता’. त्याने वर्षापूर्वी तिचा दात पाडला होता, हे अगदी शेवटी, जाहिरातींच्याही खाली. तेव्हा तिथवर मी गेलेच नाही. बातमीवर लोकांनी टाकलेले दोनशे हसरे इमोजी मात्र पाहिले. अशा बातम्या मी रोज वाचते. प्रत्येकीत बाईने आधी काहीतरी केलेलं असतंच. ती बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, ‘लपवायचंच कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय.’ वहिनीने लगेच टाळ्या वाजवल्या.

त्या ग्रुपवर थोरली आहे. जावईही आहे.

तीन दिवस तिने फोन उचलला नाही, म्हणून मी तिच्या कामावर गेले. ती एक कवळी घासत बसली होती. जबडा काळानिळा. बघताक्षणी सगळं कळलं.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगायलाच येत होते. सकाळी तक्रार लिहिली, संध्याकाळी जबाब आटपून चौकीतून निघाले, बसमध्ये फोन उघडला, तर तुझा निरोप."

"मला काय माहीत, ती तू आहेस म्हणून!"

तिने मशीन बंद केलं. "दुसरी कोणी असती, तर चाललं असतं?"

मग तिने पुढचं सांगितलं. त्या संध्याकाळी ती बसमधून उतरली आणि मैत्रिणीकडे गेली. जावयाने माझा निरोप चौकीत दाखवला, सासरच्या बैठकीत वाचून दाखवला. ‘हिच्या आईलाही पटलंय.’ मामेसासरे म्हणाले, बघा, सख्खी आई खोटं कशाला बोलेल?

"मी ग्रुपवर लिहिते, ती माझीच लेक आहे म्हणून," मी म्हणाले.

"माझं नाव काढशील तर बघ. आत्ता अनोळखी बाईला हसतायत, मग मला हसतील."

"मग मी करू तरी काय?"

"काही नको. उद्या अकराला जाऊन तक्रार मागे घेते आणि घरी जाते. पासवर्डही देऊन टाकला."

"तो तुला मारून टाकेल गं!"

"तेव्हा बातमी नीट शेवटपर्यंत वाच," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

निरोप मी केव्हाच पुसला, पण जावयाच्या फोनमध्ये त्या निरोपाचा फोटो आहे. उद्या नऊपासून मी चौकीच्या दारात उभी राहणार आहे. साहेबांना सांगेन, ते मीच लिहिलं, न वाचता लिहिलं. ते ऐकतील का, माहीत नाही. थोरली मला ओलांडून आत गेली तर तिचा हात धरेन. तिने तो झटकला तर काय करायचं, तेवढं अजून सुचत नाही.