गाडी सुटायची वेळ

राहू गावच्या महिला भजनी मंडळात शेवंताबाईसारखा गळा कुणाचा नव्हता, पण तिचं बूड काही टेकत नसे. शेवटचा अभंग संपून चहा येतो न येतो, तोवर ही बाई सतरंजी गुंडाळून, पेटी उचलून दारात उभी! तीस वर्षं तमाशाच्या फडात काढलेली. खेळ संपला की गाडी सुटणार, हे तिच्या अंगात मुरलेलं.

"मावशी, बसा की," टाळ वाजवणारी शितल म्हणायची, "हे मंडळ हाय, फड न्हाई."

"दोन्हीकडं गाणंच की गं! त्यात काय येगळं?" शेवंताबाई फणकारायची.

या एकादशीला ती तापानं फणफणली. सांजच्याला तिच्याच दारात टाळ वाजले. अख्खं मंडळ आत येऊन तिच्या अंथरुणाभोवती भजनाला बसलं. शेवंताबाई उखडली.

"माझ्यापायी कशाला अडून बसलाय? फड असता तर कवाच फुडच्या गावाला गेला असता!"

"तुम्हाला टाकून?" शितलनं विचारलं.

शेवंताबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. शिरूरच्या मुक्कामाला फडातल्या सुवर्णाला असाच ताप भरला होता. तिला देवळाच्या ओट्यावर ठेवून गाडीत पहिली चढली होती, ती शेवंताबाईच.