पाहुणी कातडी

ऊस गेल्यावर राहिलेलं पाचट पेटवायची घाई मलाच झाली होती. वडील, म्हणजे आमचे आबा, बांधावरून ओरडत होते, "आगं थांब, वारं पडू दे!" पण मला बारामतीला ऑफिस गाठायचं होतं आणि माझं डोकं फिरलेलं. ओढली काडी. वारं उलटं फिरलं आणि माझे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत भाजले.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखमा आत्ताच झाकायला हव्यात. तुमची स्वतःची कातडी काढून लावायची, तर तेवढी ताकद तुमच्यात नाही. पुण्याच्या त्वचापेढीतून मागवते." म्हणजे कुण्या मेलेल्या माणसानं दान केलेली. आईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "लावा! आता कसलं सोवळंओवळं?" बोलायला काय जातंय!

ती लावली आणि आग खरंच कमी झाली. पण एकदा पट्टी बदलताना गुडघ्याच्या वर बारीक तीळ दिसला. तो माझा नव्हता. त्या दिवसापासून मला चैन पडेना. कुणाचा असेल? बाईचा की बाप्याचा? कुणाच्या ओळखीचा असेल का तो?

"ही कायमची नाही," डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. "तुमचं अंगच हिला परकी ठरवून टाकून देईल. तोवर तुम्ही सावराल." तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात ती कडेनं सुटली. त्यांनी ती काढली आणि माझ्याच पाठीची लावली. आई हात जोडून म्हणाली, "ती आमाला द्या. आमी तिला अग्नी देतो." ते नियमात बसत नव्हतं. ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या पिशवीसाठी रडली.

पितृपंधरवड्यात गावी, कळंबच्या घरी आईनं पत्र्यावर एक पान जास्तीचं ठेवलं. आमच्या पितरांचं पान कावळ्यांनी फस्त केलं. या पानाला एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून तसं वचन द्यायचं असतं. आम्हाला तर नावही ठाऊक नव्हतं.

"लेकरं आसतील तर सुखात ऱ्हातील," आई म्हणाली. कावळा ढिम्म. "घरादाराचं भलं हुईल." ढिम्मच.

"शिव की मेल्या!" मी खेकसले आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

"काय हवं आसंल गं त्या जीवाला?" आईनं विचारलं.

माझा हात गुडघ्याच्या वर, तो तीळ होता तिथं गेला. मला उत्तर कळलं होतं. त्याला माझ्या अंगावर राहायचं होतं. नेमकं तेवढंच वचन मला देता येत नव्हतं.