शिवणीतलं दोन बोटं कापड

कपाशी हातची गेली, त्या वर्षी मुलीला आठवीसाठी अमरावतीच्या वसतिगृहात ठेवायचं होतं. तिला घेऊन मी अकोल्याच्या जुन्या शहरात वापरलेले कपडे विकणाऱ्या एका म्हातारीकडे गेले. ओळखीचं कोणी पाहील म्हणून मुलगी माझ्याआड उभी होती.

मी एक चमकदार पंजाबी ड्रेस उचलला. म्हातारीने तो माझ्या हातून घेऊन उलटा केला. प्रत्येक कपडा ती असाच आतून दाखवायची.

"हा नोको घेऊ, बाई. याच्या शिवनीत कापडच नाही."

मग ढिगातून तिने साधा निळा ड्रेस ओढला आणि शिवणीत दुमडलेलं दोन बोटं कापड थेट मुलीलाच दाखवलं.

"तू वाढून राहिली ना, बेटी? मंग कपडाबी तुह्यासंगं वाढाले पायजे."

मुलगी पुढे आली. ड्रेस तिने अंगाला लावून पाहिला.

ती म्हातारी मला पुन्हा कधी दिसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी सुटीत घरी आली आणि ब्लेड घेऊन स्वतःच शिवण उसवू लागली. आत न विटलेला गडद निळा पट्टा निघाला.

"आई," ती हसून म्हणाली, "आतून तं हा नवाच हाय!"