हलका हात

दुपारी आई आजीच्या डोक्याला तेल लावत होती. आजी म्हणजे बाबांची आई. गेल्या वर्षापासून ती आम्हाला कुणालाच ओळखत नाही.

"तुमचा हात फार हलका आहे हो," आजी डोळे मिटून म्हणाली. "आमच्या सुनेला नाही असं जमत."

"हो का? मग सांगत का नाही तिला?" आईने हसत विचारलं.

"सांगून काय उपयोग! वळणच नाही."

आमच्या घरात मीठ कमी पडलं की सगळे बोलतात, नेमकं पडलं की मुकाट्याने जेवतात. मीही तशीच जेवत मोठी झाले. कौतुक मला शाळेतल्या इंग्रजीतच करता येतं. एकदा आईला थँक्यू म्हटलं, तर ती म्हणाली, "परकी झालीस का गं?"

आज मात्र मला राहवलं नाही. दारातूनच म्हणाले, "आजी, अगं हीच तुझी सून!"

आई मानेनेच नको नको म्हणत होती. आजीने वळून तिला निरखून पाहिलं.

"तरीच! केवढं तेल थापलंय."

इतक्या वर्षांत आईच्या वाट्याला आलेलं तेवढंच कौतुक, आणि तेही मी तिची ओळख सांगून घालवलं.