खसखशीची पुडी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि आता तर ती गेलीही. मुलांना नाही. देवापुढं हात जोडून बसलो तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून उठलो. तुम्ही मला ओळखत असाल तर हे वाचून झाल्यावर माझ्याशी आधीसारखं बोलणार नाही. ते धरूनच लिहितो आहे.

निमित्त साधं आहे. आमच्या गावच्या दूध संस्थेची स्मरणिका निघते आहे. मी अठरा वर्षं चेअरमन होतो, म्हणून सचिव परवा घरी आला. म्हणाला, "अण्णा, तुमी ते इमानतळाचं लिवा की. इस्माईलभाई झोपलेलं. लोकं अजून लई हसत्यात."

मी हो म्हणालो. एक ओळ लिहिलीही. मग पेन पुढं जाईना. हा किस्सा मी किती वेळा सांगितला असेल? लग्नाच्या पंगतीत, सभेनंतरच्या चहाला, केजच्या बसस्टँडवर. दरवेळी त्यात काही ना काही घालत गेलो. कधी त्याचं घोरणं, कधी तोंडावर ओढलेली टोपी. आता म्हातारपणी माझं मलाच कळेनासं झालंय, की त्यात खरं असं काही होतं का? नव्हतं. एक शब्दही नव्हता.

इस्माईल कोण, ते आधी सांगतो. युसूफ वडगावच्या अलीकडचं आमचं गाव. तिथल्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलं. संस्थेनं दूध थंड करायचं मशीन घेतलं, तेव्हापासून ते त्याच्याच हाताखाली. मला तो 'चेरमन' म्हणायचा – मान म्हणून नव्हे, चिडवायला.

मग तो दुष्काळ आला. लागोपाठ दोन वर्षं. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. तरी बायका छावणीतून लिटर-अर्धा लिटर दूध घेऊन केंद्रावर यायच्या. दुसरं होतं काय त्यांच्याकडं? मशीनला पाणी लागायचं, ते नव्हतं. वीज असली तर असायची. इस्माईलनं होतं तेवढंच पाणी हौदात गाळून पुन्हा पुन्हा फिरवलं. जनरेटरचा पट्टा तुटला तर सायकलची ट्यूब कापून बांधली. दोन वर्षांत एक दिवस आमचं दूध नासलं नाही. हे कुणी केलं? चेअरमननं नाही.

मशीनच्या कंपनीनं त्यासाठी आमच्या संस्थेला बक्षीस दिलं – दोन माणसांना युरोपात मोठ्या बोटीवर सात दिवसांची सफर. चेअरमन आणि आणखी एक जण. संचालकांपैकी चौघे तयारच होते. मी म्हणालो, इस्माईल येणार. एवढं एक मी नीट केलं. पण कधी वाटतं, तेही केलं नसतं तर तो आपल्या गॅरेजमध्ये सुखात राहिला असता.

दुष्काळात माझी झोप गेली होती. बायकोनं निघताना खसखशीची पुडी दिली, पावशेरभर असेल. बोटीवर झोप लागली नाही तर दुधात उकळून घ्या, म्हणाली. मुंबईच्या विमानतळावर माझी हातातली बॅग वजनाला जास्त भरली. दशम्या, चटणी, अनारसे – सगळं बायकोनं कोंबलेलं. इस्माईलची बॅग निम्मी रिकामी. तो म्हणाला, "आण हिकडं. खसखस अन् दशम्या माझ्यात टाक." त्यानंच स्वतःच्या हातानं ठेवली. पुढं तपासणीत माझा चांदीचा करदोडा पिकपिक वाजला. शर्ट वर करून दाखवावा लागला, तेव्हा हा पोट धरून हसत होता.

सकाळी आम्ही आखातातल्या एका शहरात उतरलो. पुढचं विमान आठ तासांनी. तेवढं मोठं विमानतळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपलं घाटनांदूर सगळं त्यात मावलं असतं आणि वर जागा उरली असती. सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवायला मी घाबरलो, तर त्यानं दंडाला धरून नेलं. उर्दू शिकलेला होता, त्यामुळं तिथल्या पाट्यांवरची अक्षरं जुळवून वाचायचा. नळाचं पाणी प्यायचं कुठलं, हे त्यानं शोधलं. आमचं विमान दुसऱ्या इमारतीतून सुटणार, हेही त्यानंच विचारून काढलं. मी नुसता मागं मागं. "चेरमन, घाबरतो कावून बे? मी हाय ना," असं दोनदा म्हणाला. काचेतून बाहेर माळी कारंज्याभोवतीच्या हिरवळीला पाणी घालत होते. वाळवंटात. ते बघत तो बराच वेळ उभा राहिला.

दुपारी तो नमाजाची खोली शोधत गेला. मी सामान सांभाळत बसलो.

नाही – ते नंतर सांगतो. आधी दुसरं सांगू द्या.

दुसऱ्या इमारतीत जाताना पुन्हा तपासणी होती. मी पुढं होतो. या वेळी करदोडा आधीच काढून खिशात ठेवला होता. पलीकडं जाऊन बूट घालत होतो, तेवढ्यात मागं पट्टा थांबला. इस्माईलची बॅग बाजूला घेतली. दशम्या निघाल्या, त्या ठेवून दिल्या. मग ती पुडी. अधिकाऱ्यानं ती उघडली, बोटानं चाळली, दुसऱ्याला बोलावलं. दुसरा आला तसा त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलला. बॅग कुणाची, असं त्यानं हिंदीत विचारलं. इस्माईल म्हणाला, माझी. मग इस्माईलनं माझ्याकडं बघितलं. मदत मागत नव्हता तो. नुसतं बघितलं – आता तू सांगशील ना, अशा भरवशानं. त्या अधिकाऱ्यानं त्याच्या नजरेमागं नजर वळवली आणि मला विचारलं, "ये आपके साथ है?"

मी म्हणालो, "नहीं."

एवढंच. किती वेळ लागला असेल त्याला? बुटाची नाडी बांधायला त्याहून जास्त लागला.

इस्माईलनं ते ऐकलं. पाच-सहा हातांवर तर होता. त्याला वाटलं असतं तर माझ्याकडं बोट दाखवता आलं असतं – पुडी याची, याच्या बायकोनं दिली. त्यानं डोळे खाली घेतले आणि त्या माणसाला म्हणाला, "मेरा ही है साहब. खाने का है." मग ते त्याला एका दाराआड घेऊन गेले. दार लागलं.

आणि मी चालू लागलो. पाटी वाचता येत नव्हती म्हणून सकाळपासून ज्याचं बोट धरून फिरलो, त्याला तिथं टाकून मी आकडे बघत बघत बरोबर आपल्या विमानाच्या दारापाशी पोचलो. म्हणजे पोचता येत होतं मला. विमानात शेजारची जागा रिकामी होती. विमानातल्या बाईनं येऊन त्याबद्दल विचारलं, तर कुणी नाही म्हणून मी मान हलवली.

बंदरावर कंपनीचा माणूस होता. त्याला म्हणालो, आमचा माणूस विमानतळावर झोपला, विमान चुकलं, येईल मागून. हे वाक्य तेव्हा पहिल्यांदा तोंडून निघालं. कुठून सुचलं? झोप माझी गेली होती, झोपेचं औषध माझं, आणि झोपवलं मी त्याला. बोटीवर जेवायच्या टेबलावर सात दिवस दोन ताटं मांडत होते. मी एकदाही सांगितलं नाही की एक उचला.

परतताना त्याच विमानतळावर पुन्हा सहा तास होते. त्या सहा तासांत मी कुणाला काही विचारलं का? नाही. ज्या दाराआड त्याला नेलं होतं, त्या बाजूला गेलोसुद्धा नाही. चहा प्यालो. नातवासाठी चॉकलेट घेतलं.

गावात आलो तर त्याची बायको हलीमा आमच्या दारात बसलेली. तिला मी तेच सांगितलं – मी चहा आणायला गेलो, हा खुर्चीत झोपला, मला सापडला नाही, कागदं जुळवून पाठवतील. ती माझ्याकडं बघत राहिली. "अण्णा, ते तर एसटीत बी डोळा लावत न्हाईत," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

अकरा दिवस त्याला तिथं ठेवलं होतं, हे मला पुढं कंपनीच्या माणसाकडून कळलं. खसखस म्हणजे अफूचं बी, तिथं त्याला बंदी; पुडी तपासायला पाठवली, खाण्याचीच आहे अशी खात्री झाली, आणि मग त्याला परत पाठवून दिलं. तो गावात आला तोवर किस्सा घरोघरी झाला होता. पोरं त्याच्या गॅरेजसमोरून घोरत जायची. मोठी माणसं विचारायची, "काय इस्माईलभाई, जागं हाव ना?"

दोन दिवस मी त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो तर तो मशीनचा पाइप धूत होता. मी दारात उभा. पाय आत जाईना. त्यानं मान वर न करता म्हटलं, "खसखस फेकून दिली त्यांनी. वैनीला सांगू नको. तिनं मनानं दिलती."

बस. त्यानंतर त्या विषयावर तो मरेपर्यंत बोलला नाही. आणि मला चेरमन म्हणायचंही त्यानं थांबवलं. इतरांसारखं 'अण्णा' म्हणू लागला. अहो-जाहो घालून.

तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी सत्य सांगायचं होतं. संधी आली होती की! त्या वर्षीच्या वार्षिक सभेत नव्या संचालकांनी विषय काढला. झोपणारा माणूस मशीनवर ठेवणं धोक्याचं आहे, उद्या सगळं दूध नासेल. त्यांना आपला पाहुणा मशीनवर बसवायचा होता, हे मला ठाऊक होतं. सूचक उठला, अनुमोदक उठला. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण अध्यक्ष मी. इस्माईल मागच्या ओळीत होता, तोही सभासद. दोन गाई होत्या त्याच्या. मी हात वर करायला सांगितलं. त्याचा हात वर नव्हता. त्यानं विरोधात काही म्हटलंही नाही. मी सचिवाला सांगितलं, लिहा, सर्वानुमते मंजूर. ते इतिवृत्त आजही संस्थेच्या कपाटात आहे. 'प्रवासात झोपून राहण्याचा निष्काळजीपणा लक्षात घेता' अशी ओळ आहे त्यात. खाली सही माझी.

दोन वर्षं ज्यानं त्या मशीनमध्ये जीव ओतला, त्याला आम्ही कॅन धुवायला लावलं. वर्षभर त्यानं कॅन धुतले. मग यायचा बंद झाला.

अजून एक राहिलं आहे. मघाशी तुमच्यापासून लपवून पुढं गेलो ते. बघा, लिहायला बसलो तरी सवय जात नाही.

तो नमाजाला गेला तेव्हा मी जिथं बसलो होतो, तिथं समोर एक फलक होता. काय नेऊ नये त्याची यादी, इंग्रजीत. मी शेतकी शाळेत शिकलेला, बियाण्यांची इंग्रजी नावं मला येतात. पाचव्या का सहाव्या ओळीत खसखस होती. मी वाचली. दोनदा वाचली. त्याची बॅग माझ्या पायाशीच होती, कचऱ्याचा डबा दहा पावलांवर. मी पुडी काढली नाही. का? लोकांसमोर बॅग उचकत बसणं खेडवळ दिसेल, असं वाटलं. आणि दुसरं – हे मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं – पुडी आता माझ्या बॅगेत नाही, हे त्या क्षणी मला बरं वाटलं. तो परत आला, हातपाय धुऊन ताजा झालेला, टोपी घडी करून खिशात ठेवत. मला म्हणाला, चल. मी उठलो आणि त्याच्या मागून चालू लागलो.

म्हणजे ते 'नहीं' घाबरून निघालं असं मी म्हणू शकत नाही. ते दोन तास आधीच ठरलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात इस्माईल गेला. मी खांदा दिला. कबरस्तानातून परतताना कुणीतरी हळूच म्हणालं, आता निवांत झोप म्हणावं, इमान चुकायचं भ्या न्हाई. वाईट मनानं म्हणाला नसेल. दोघं-तिघं हसले. मीही हसलो. ओठ आपोआप हसले.

सचिवाला हीच पानं देणार आहे. छापायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. इतिवृत्तातली ती ओळ खोटी आहे, एवढं मी सही करून वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. हलीमाकडं पानं नेऊन वाचून दाखवली. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, झालं का वाचून? मी हो म्हणालो. तिनं दार लावून घेतलं.

विमानतळावर इस्माईल झोपला नव्हता. तो चांगला जागा होता. पट्ट्याच्या पलीकडं उभा राहून माझ्याकडं बघत होता.