ताईंसाठी बाजूला काढलेला माल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं माझं बुटीक एवढंसं आहे. दोन बायका आरशापुढे उभ्या राहिल्या की तिसरीने बाहेर थांबायचं. ते काढण्यामागे माझी एकच हौस होती, कपडे निवडायची. माझ्या लग्नातला शालूसुद्धा आत्याने पसंत केला आणि मी मान डोलावली. दुकान काढलं तेव्हा ठरवलं, इथे तरी माझ्या पसंतीशिवाय हँगरला काही लागणार नाही.

सुरुवातीला चाललंही तसंच. उचगावजवळच्या गांधीनगरात घाऊक कपड्यांची दुकानं ओळीने आहेत. मी एकामागून एक पालथी घालायची. गठ्ठे उघडायला लावायचे, कापड चोळायचं, शिवण उलटी करून बघायची आणि नाक मुरडून पुढच्या दुकानात शिरायचं. तिथे सुटा नग मिळत नाही. एका डिझाइनचा सगळ्या मापांचा सेट उचलावा लागतो, आणि सेट कुणी कुणासाठी फोडत नाही. म्हणजे एक चूक केली की ती सगळ्या मापांत दुकानात लटकणार. मला त्या धास्तीचीच मजा वाटायची.

मग मी राखी बांधली.

राखीपौर्णिमा तोंडावर आली होती. ज्यांच्याकडे मी अधूनमधून खरेदी करायची, ते एक व्यापारी गल्ल्यावरून म्हणाले, "ताई, मला सख्खी बहीण न्हाय. औंदा तुम्हीच बांधा की." मीही मनात म्हटलं, बाजारात आपलं माणूस असलेलं बरं. बांधली. त्या दिवसापासून अख्ख्या गांधीनगरात मी त्यांची ताई झाले.

आता मी गेले की गादीवर बसवतात, चहा येतो, वहिनींनी पाठवलेल्या करंज्या येतात. आणि माल? तो आधीच बाजूला काढून, बांधून तयार. "तुम्ही कशाला उनातानात हिंडताय? मी हाय की." गठ्ठ्यात जरीची लेस, गळ्याला आरसे आणि डोळे दिपवणारे रंग. माल वाईट नसतो. खपणाऱ्या ठिकाणी धडाधड खपतो. पण माझ्याकडे यायच्या त्या शिक्षिका, बँकेतल्या बायका, साध्या सुती कपड्यासाठी येणाऱ्या. त्या आता हँगरवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "परत येते हं." परत येते म्हणणारी बाई परत येत नाही, हे दुकानदाराला कुणी शिकवावं लागत नाही.

एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, मी जरा स्वतः बघते." त्यांचा चेहरा असा पडला की मीच ओशाळले. "चुकलं का काय आमचं?" माझी आई दवाखान्यात होती तेव्हा माझे सख्खे भाऊ फोनवर चौकशी करत होते आणि हा माणूस उशाशी बसून होता. त्याला काय सांगणार, की तुमची पसंती मला आवडत नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांच्या दुकानात मला गुदमरायला व्हायचं आणि मी करंजी खात बसायची.

या दिवाळीआधी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी थेट गांधीनगरच्या शेवटच्या गल्लीत नेली. चोर तरी बरा. तिथल्या एका दुकानात मला एक कुर्ता दिसला. राखाडी निळा, बारीक ठशांची छपाई, लेस नाही, काही नाही. कापड हातात घेतलं आणि किती दिवसांनी बोटांना ओळख पटल्यासारखं वाटलं. एकेक करत पाच डिझाइनचे सेट काढले. कापड बघताना स्कार्फ खाली घेतला, तिथेच घात झाला.

"तुम्ही त्यांच्या ताई न्हवं?" त्या व्यापाऱ्याने विचारलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत फोन लावलाही. दुसऱ्याच्या घरचं गिऱ्हाईक, न विचारता माल कसा द्यायचा?

भाऊ लगेच स्कूटरवरून आले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मी सुटले असते.

ते हसत हसत गादीवर बसले. "अवं ताई, सांगायचं की! हितला माल पायजे व्हता तर मी आलो असतो संगं." मग त्या व्यापाऱ्याकडे वळले. "आमच्या ताईंस्नी रेट नीट लावायचा, काय?" आणि माझ्यासाठी माल निवडायला लागले. माझे पाची सेट एकेक करून बाजूला गेले. "असला सुतकी रंग कोल्हापुरात कोण घालतंय?"

"मला हे पाहिजे," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. दोघंही बघायला लागले.

"मग तुमच्या अंगावर घालायला पायजे म्हणून सरळ सांगा की!" भाऊंनी तो राखाडी निळा सेट फोडायला लावला आणि माझ्या मापाचा एक काढून माझ्या हातात ठेवला. "भाऊबीजेची ओवाळणी. आधीच." कुणासाठी न फुटणारा सेट माझ्यासाठी फुटला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आनंदाने. त्यांचेही डोळे भरले.

दिवाळीत तो कुर्ता घालून मी दुकानात उभी होते. पूर्वी नेहमी येणाऱ्या एक शिक्षिका शिवायला दिलेला ब्लाउज न्यायला आल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "कुठनं घेतलात हो? असला आहे का आणखी?"

"नाही."

"तुमची चॉइस अजून तशीच आहे की! मग दुकानात का ठेवत नाही असलं?"

मी काठीने वरचा एक आरशांचा ड्रेस काढला. "हे बघा ना, नवीनच आलंय."

त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला. "परत येते हं," म्हणाल्या.